दोन मिनिटं थांबा, तिकीट स्वस्त होतंय!

लंडनच्या भुयारी रेल्वेत आठवड्याच्या कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजून २९ मिनिटांनी गेटवर कार्ड टेकवलं, तर भाडं गर्दीच्या वेळचं कापलं जातं. मिनिटभर थांबून साडेनऊला टेकवलं तर तेच स्टेशन, तीच गाडी, तोच डबा आणि भाडं कमी. गाडी किती वाजता सुटते किंवा तुम्ही किती वाजता उतरता, हे यंत्र विचारत नाही. आत शिरलात कधी, एवढंच ते बघतं. त्यामुळे साडेनऊच्या जरा आधी स्टेशनात आलेला माणूस मोबाइलवरचं घड्याळ बघत गेटाच्या अलीकडेच थांबतो, यात नवल नाही.

आठ वाजताची फास्ट असो की दुपारी दोनची निवांत स्लो, चर्चगेटचं तिकीट एकाच दराने काढायची सवय असलेल्या मुंबईकराला हा प्रकार चमत्कारिक वाटेल. पण जगातल्या कितीतरी रेल्वेंनी तिकिटाला असं घड्याळ बांधून ठेवलंय. गर्दीच्या वेळी या, पूर्ण पैसे द्या. गर्दी ओसरल्यावर या, सूट घ्या. नियम सांगायला एका वाक्याचा, पण त्याच्या पोटात दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या गमतीजमती दडल्या आहेत. एक नोबेल पारितोषिक आहे आणि एका देशाला हादरवणारं आंदोलनसुद्धा.

संध्याकाळी उलट निघालात तर माफी

लंडनमध्ये गर्दीची वेळ सकाळी ६:३० ते ९:३० आणि संध्याकाळी ४ ते ७, तीही फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला दिवसभर स्वस्त भाडं. यातली मला सगळ्यात आवडलेली बारीक खुबी संध्याकाळची आहे. त्या वेळी सगळं शहर ऑफिसांतून बाहेर, उपनगरांकडे पळत असतं. तुम्ही मात्र उपनगरातून शहराच्या मध्यभागाकडे, म्हणजे झोन १ कडे निघाला असाल, तर संध्याकाळी साडेपाचलाही तुम्हाला कमी भाडं लागतं. त्या दिशेच्या गाड्यांत जागा असते, मग जास्त पैसे कशाला घ्यायचे? संध्याकाळी सहाला चर्चगेटच्या दिशेने जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळालेल्या कुणालाही हा हिशेब लगेच पटेल.

साडेनऊचा काटा म्हाताऱ्या माणसांनाही लागू आहे. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांना बस फुकट, पण कामाच्या दिवशी साडेनऊनंतर. लंडनच्या ज्येष्ठांचा फ्रीडम पास भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये नऊपासून चालतो. पूर्वी तो तिथे चोवीस तास चालायचा. २०२० च्या जूनमध्ये, कोरोनाच्या दिवसांत, सकाळची वेळ त्यातून काढून घेतली गेली. दवाखान्याची सकाळी नऊची वेळ मिळालेल्या आजोबांना त्या दिवशी तिकिटाचे पैसे मोजावे लागतात.

पहाटे साडेचारला उजाडतं

ब्रिटनच्या रेल्वेचा दिवस मध्यरात्री संपत नाही. एक दिवसाचं तिकीट दुसऱ्या दिवशी पहाटे ४:२९ पर्यंत चालतं. शेवटच्या गाडीने घरी जाणाऱ्याला बारा वाजले म्हणून कुणी उतरवू नये, ही त्यातली सोय. नवा दिवस ४:३० ला सुरू होतो आणि त्याच्याबरोबर नव्या अटीही.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिकिटांच्या तीन मुख्य जाती आहेत: एनीटाइम, ऑफ-पीक आणि सुपर ऑफ-पीक. २००८ साली सगळ्या कंपन्यांसाठी ही नावं एकसारखी केली, त्याआधी सेव्हर, सुपरसेव्हर अशी नावं होती. नावं सरळ झाली, वेळा झाल्या नाहीत. ऑफ-पीक नेमकं किती वाजता सुरू होतं, हे मार्गागणिक बदलतं. प्रत्येक तिकिटाला दोन अक्षरांचा एक संकेतांक असतो आणि त्या संकेतांकाच्या पोटात ‘अमुक स्टेशनवरून अमुक वाजेनंतर’ अशी यादी असते. काही मार्गांवर सकाळची अट, काहींवर संध्याकाळचीही. फरक किती? मँचेस्टर–लंडनचं परतीचं एनीटाइम तिकीट २०२३ साली साडेतीनशे पौंडांच्या वर होतं आणि ऑफ-पीक त्याच्या साधारण एक तृतीयांश. घड्याळाच्या एका बाजूला राहून वाचलेल्या पैशांत आणखी एक माणूस लंडनला जाऊन येऊ शकतो!

अशी तफावत असली की माणसं काय करतात, ते लंडनच्या यूस्टन स्टेशनाने वर्षानुवर्षं पाहिलं. संध्याकाळची महाग वेळ सातच्या सुमारास संपायची. शुक्रवारी घरी निघालेली माणसं बाहेर ताटकळत राहायची आणि सात वाजता सुटणाऱ्या पहिल्या स्वस्त गाडीवर अक्षरशः तुटून पडायची. त्याआधीच्या गाड्यांत जागा रिकाम्या आणि सातच्या गाडीत मारामार. गर्दी पसरवण्यासाठी केलेल्या नियमाने गर्दीच तयार केली. शेवटी व्हर्जिन ट्रेन्सने शुक्रवार संध्याकाळची ती अट उठवली.

नाव ‘कधीही’, अट दहाची

ब्रिटनमधल्या तरुणांसाठी १६ ते २५ वयाचं रेलकार्ड आहे. ते दाखवलं की भाड्यात एक तृतीयांश सूट. पण सोमवार ते शुक्रवार पहाटे ४:३० ते सकाळी १० या वेळात किमान भाडं १२ पौंड. म्हणजे तिकीट मुळात स्वस्त असेल, तर त्या वेळात सूट जवळजवळ निरुपयोगी. आणि गंमत बघा, जुलै आणि ऑगस्टमध्ये ही अट लागू नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुणांनी सकाळी आठलाही भटकावं!

दोघांनी मिळून काढायचं टू टुगेदर कार्ड कामाच्या दिवशी साडेनऊआधी चालत नाही. आग्नेय इंग्लंडचं नेटवर्क रेलकार्ड दहानंतर. प्रत्येक कार्डाचं घड्याळ वेगळं.

२०२४ साली या गुंत्याने मोठी बातमी केली. वायव्य इंग्लंडमध्ये एका तरुण प्रवाशाने रेलकार्ड वापरून सकाळचं तिकीट काढलं. तिकिटाचं नावच ‘एनीटाइम’, म्हणजे कधीही. त्याला वाटलं, कधीही म्हणजे कधीही. पण दहाच्या आतली १२ पौंडांची अट तिथेही लागू होती. फरक अवघा १ पौंड ९० पेन्सचा, आणि नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने त्याच्यावर खटल्याची तयारी केली. गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांत गाजली, कंपनीने माघार घेतली आणि सरकारने रेल्वे नियामकाला तिकीट-दंडाच्या सगळ्या व्यवहाराची चौकशी करायला सांगितलं. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या अहवालात नियम किचकट आहेत, अजाणता चुकणारा प्रवासी आणि मुद्दाम फसवणारा यांत फरक केला पाहिजे, असा सूर होता. मला हा अहवाल फार रास्त वाटतो. ‘कधीही’ लिहिलेल्या तिकिटावर वेळेची अट असेल, तर ती समजून घेण्याची सगळी जबाबदारी प्रवाशावर टाकता येत नाही.

आणि एके काळी पहाटच स्वस्त होती

आज सकाळची वेळ महाग. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात सगळं उलटं होतं. जितकं लवकर, तितकं स्वस्त.

सुरुवात १८४४ सालची. ग्लॅडस्टन, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेले, तेव्हा व्यापार मंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात कायदा झाला: प्रत्येक नव्या रेल्वे कंपनीने रोज निदान एक गाडी अशी सोडावी, जिच्यात मैलाला एक पेनी भाडं असेल, डब्यांना छप्पर असेल, ती प्रत्येक स्टेशनवर थांबेल आणि थांबे धरून तिचा वेग ताशी १२ मैलांच्या खाली जाणार नाही. गरिबांनाही प्रवास करता यावा हा हेतू. काही कंपन्यांनी कायदा पाळला तो शब्दापुरता. गाडी सोडली, पण कुणालाही सोयीची नसेल अशा अवेळी. या ‘पार्लमेंटरी’ गाड्या इतक्या रेंगाळत चालायच्या, की गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या १८८५ च्या ‘द मिकाडो’ या संगीतिकेत त्यांतून प्रवास करायला लावणं ही चक्क शिक्षा म्हणून येते.

पुढची पायरी कामगारांच्या गाड्यांची. १८६० च्या दशकात लंडनमध्ये रेल्वेमार्ग शहरात घुसवण्यासाठी गरिबांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या जात होत्या. बेघर झालेल्या माणसांना लांब राहायला जावं लागणार, मग त्यांनी कामावर यायचं कसं? ग्रेट ईस्टर्न रेल्वेला लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत मार्ग वाढवायची परवानगी देताना पार्लमेंटने अट घातली: एडमंटन आणि वॉल्थमस्टोहून कामगारांसाठी गाड्या सोडा, जाऊन-येऊन भाडं दोन पेन्स. गाड्या अर्थातच भल्या पहाटेच्या. जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेनेही, मेट्रोपॉलिटनने, १८६४ साली पहाटेच्या कामगार-गाड्या सुरू केल्या, परतीचं भाडं तीन पेन्स. १८८३ च्या ‘स्वस्त गाड्यां’च्या कायद्याने तर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळात कामगारांसाठी पुरेशा गाड्या सोडायला सरकार कंपन्यांना भाग पाडू शकेल अशी सोय केली. वेळेची अट कामगाराच्या भोंग्याला जुळलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

या दोन पेन्सांनी शहराचा नकाशा बदलला. वॉल्थमस्टो आणि एडमंटनमध्ये कामगारांच्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्या मार्गांवर पहाटेचं स्वस्त तिकीट नव्हतं, तिथे मध्यमवर्गीयांची उपनगरं वाढली. कुठल्या गावात कुणी राहायचं हे तिकीट-खिडकीवर ठरलं.

याच काळातला एक प्रसंग तर मनात घर करून राहतो. स्वस्त तिकीट हवं म्हणून पहाटेच्या कामगार-गाडीने येणाऱ्यांत कारखान्यांत आणि गोदामांत काम करणाऱ्या तरुण मुलीही असत. गाडी शहरात पोचायची भल्या सकाळी, काम सुरू व्हायचं बऱ्याच उशिरा. मधला वेळ काढायचा कुठे? थंडीत, पावसात रस्त्यावर? १८९० च्या दशकात लंडन वॉलवरच्या ऑल हॅलोज चर्चचे धर्मगुरू सॅम्युअल जॉन स्टोन यांनी आपल्या चर्चचे दरवाजे भल्या सकाळी या माणसांसाठी उघडले. छोटी प्रार्थना, मग बसा, वाचा, शिवणटिपण करा, कामाची वेळ होईपर्यंत ऊब घ्या. स्टोन यांची मोठी ओळख एका जगप्रसिद्ध ख्रिस्ती स्तोत्राचे कवी म्हणून आहे. मला त्यांचा हा दुसरा उद्योग तितकाच थोर वाटतो. तिकिटाच्या वेळेची अट माणसाच्या आयुष्यातले दोन तास कसे गिळते, हे ओळखून त्यांनी तिथे एक खोली उघडून दिली.

भाड्याला वेळ असते, सांगणारा प्रोफेसर

गर्दीच्या वेळी जास्त आणि एरवी कमी भाडं घ्यावं, हा विचार शास्त्रशुद्ध मांडणारा माणूस न्यूयॉर्कचा. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम व्हिक्री. १९५२ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या सबवेसाठी सुचवलं, की सगळ्यांना एकच भाडं ठेवू नका, वेळेनुसार आणि जागेनुसार बदला. त्यांचा तर्क असा: रेल्वे इतके डबे, रूळ आणि माणसं बाळगते, ते सकाळ-संध्याकाळच्या मोजक्या तासांसाठी. दुपारी बारा वाजता त्यातली निम्मी यंत्रणा यार्डात उभी असते. म्हणजे गर्दीच्या वेळी वाढलेला प्रत्येक प्रवासी रेल्वेला खरोखर महाग पडतो आणि दुपारचा जवळजवळ फुकट.

शहराच्या कारभाऱ्यांनी तो सल्ला बाजूला ठेवला. व्हिक्रींनी हाच विचार पुढे रस्त्यांना लावला: गर्दीच्या रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने त्याचे पैसे मोजावेत. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. (ते पारितोषिक वेगळ्याच संशोधनासाठी होतं.) त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी ते वारले. न्यूयॉर्कच्या सबवेत आजही पहाटे आणि संध्याकाळी एकच भाडं आहे. रस्त्यांवर मात्र ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारींना दिवसा ९ डॉलर आणि रात्री सव्वादोन डॉलर पडू लागले. व्हिक्रींचं घड्याळ त्यांच्या गावात पोचायला सत्तरहून जास्त वर्षं लागली, आणि तेही रुळांवर नाही, डांबरी रस्त्यावर.

तीस पेसो

तर्क कितीही बरोबर असला तरी माणसाच्या हातात त्याची वेळ असते का? चिलीची राजधानी सांतियागो इथे या प्रश्नाने आग पेटली.

तिथल्या मेट्रोत दिवसाचे तीन भाग: गर्दीचा, मधला आणि स्वस्त. सकाळी सातच्या आत शिरलात की सगळ्यात कमी भाडं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गर्दीच्या वेळचं भाडं ८०० वरून ८३० पेसो झालं. वाढ तीस पेसोंची, आपल्या हिशेबात तीनएक रुपयांची. लोक नाराज झाले, तेव्हा अर्थव्यवस्था मंत्री हुआन आंद्रेस फोंतेन यांनी सुचवलं, की जो लवकर उठेल त्याला कमी भाड्याचा फायदा मिळेलच की! रोज पहाटे अंधारात घर सोडून दोन-दोन गाड्या बदलत कामावर जाणाऱ्या शहराला हे ऐकून काय वाटलं असेल, त्याची कल्पना करा. विद्यार्थ्यांनी गेटांवरून उड्या मारून फुकट प्रवास सुरू केला. १८ ऑक्टोबरला ठिणगीचा वणवा झाला, कित्येक स्टेशनं जळली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष पिन्येरा यांनी भाडेवाढ स्थगित केली, पण तोवर लोक म्हणत होते की हा तीस पेसोंचा नाही, तीस वर्षांचा प्रश्न आहे. महिनाअखेर मंत्रिमंडळ बदललं, फोंतेन यांचं खातं गेलं. आंदोलनात तीसहून जास्त माणसं मेली आणि पुढच्या वर्षी देशाने नवी राज्यघटना लिहायची की नाही यावर मतदान केलं.

भाडेवाढ हे त्या असंतोषाचं एकमेव कारण नव्हतं, हे खरं. पण ज्याच्या कामाची वेळ मालक ठरवतो, त्याला ‘वेळ बदल आणि सूट घे’ असं सांगणं किती लागतं, हे सांतियागोइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही.

लवकर या, फुकट जा

काही शहरांनी शिक्षेऐवजी बक्षीस दिलं. मेलबर्नमध्ये कामाच्या दिवशी सकाळी सव्वासातच्या आत शहरी रेल्वेतून बाहेर पडून कार्ड टेकवलं, तर पूर्ण प्रवास फुकट. ही योजना २००८ साली सगळ्या शहरी मार्गांवर आली.

सिंगापूरने २०१३ च्या जूनमध्ये तेच केलं: शहराच्या मध्यभागातल्या ठरावीक स्टेशनांवर पावणेआठच्या आत बाहेर पडा, भाडं शून्य. साधारण ७ टक्के प्रवासी गर्दीच्या वेळेतून आधी सरकले. ऐकायला कमी वाटेल, पण खचाखच भरलेल्या डब्यात चौदातला एक माणूस कमी झाला तर उरलेल्या तेरांना श्वास घेता येतो. २०१७ च्या अखेरीस फुकट प्रवास थांबला आणि त्याजागी कुठल्याही स्टेशनवर पावणेआठच्या आत शिरणाऱ्याला ५० सेंटपर्यंत सूट आली.

हाँगकाँगच्या एमटीआर या मेट्रोने २०१४ साली सकाळी सव्वासात ते सव्वाआठ या वेळात ठरावीक स्टेशनांवर उतरणाऱ्यांना २५ टक्के सूट दिली.

आणि बंगळुरू! २००८-०९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बालाजी प्रभाकर यांनी इन्फोसिसच्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रयोग केला. कंपनीच्या बसने लवकर येणाऱ्याला गुण मिळायचे आणि गुणांवर आठवड्याची सोडत निघायची. भाड्यात पैचा फरक नाही, फक्त बक्षिसाची आशा. लवकर येणाऱ्यांची संख्या दुपटीच्या घरात गेली. पुढे प्रभाकर यांनी सिंगापूरच्या रेल्वेसाठीही अशीच सोडत बांधून दिली.

थोडं डचांचं, थोडं जपानचं

नेदरलँड्समध्ये सवलतीचं कार्ड काढलं की गर्दीबाहेर ४० टक्के सूट. सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा ही गर्दी. तिथेही बघितली जाते ती आत टेकवल्याची वेळ.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल्वेत मात्र प्रवाशाचं नाही, गाडीचं घड्याळ बघतात. शहरातल्या शेवटच्या स्टेशनांवर सकाळी सहा ते दहा या वेळात पोचणारी गाडी महाग. म्हणजे दूरच्या गावात पहाटे पाचच्या आधी गाडीत बसलात तरी पैसे गर्दीचे.

टोकियोत जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने २०२३ च्या मार्चमध्ये ऑफ-पीक पास काढला. नेहमीच्या पासापेक्षा सुमारे १० टक्के स्वस्त, २०२४ च्या ऑक्टोबरपासून १५ टक्के. सकाळच्या गर्दीच्या दीड तासात शिरलात तर पास चालत नाही, त्या फेरीचं वेगळं भाडं कापलं जातं. सुंदर गोष्ट अशी की हा दीड तास प्रत्येक स्टेशनवर वेगळा आहे. लांबच्या स्टेशनावर तो लवकर सुरू होतो, मध्यभागी उशिरा. गर्दीची लाट जशी सरकते तसं घड्याळही सरकतं. नियम करणाऱ्याने डब्यात उभं राहून विचार केलाय असं वाटतं.

जपानच्याच ‘सेइशुन १८’ या सुट्टीतल्या स्वस्त तिकिटाची (नावात १८, पण वयाची अट नाही) गोष्ट तर चोखंदळ प्रवाशांची लाडकी. या तिकिटाचा दिवस मध्यरात्री बदलायचा. रात्री टोकियोहून सुटणाऱ्या मूनलाइट नागारा गाडीत बसताना अनुभवी लोक फक्त ओदावारापर्यंतचं साधं तिकीट काढायचे. बारानंतर गाडी पहिल्यांदा थांबायची ती तिथे. तिथून पुढे स्वस्त तिकिटाचा कोरा दिवस सुरू! ती गाडी २०२१ च्या सुरुवातीला बंद झाल्याचं जाहीर झालं.

शुक्रवारचं काय करायचं?

कोरोनानंतर घरून काम वाढलं आणि शुक्रवार ओस पडले. सिडनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून शुक्रवार पूर्णपणे ऑफ-पीक केला, म्हणजे भाड्यात ३० टक्के सूट. लंडननेही २०२४ च्या मार्च ते मे असे तीन महिने शुक्रवार स्वस्त केले, त्यासाठी २४० लाख पौंड बाजूला ठेवले. प्रवाशांत फारशी भर पडली नाही आणि प्रयोग तिथेच थांबला.

स्कॉटलंडने घड्याळ उतरवलं

२ ऑक्टोबर २०२३ ला स्कॉटरेलने प्रयोग म्हणून गर्दीचं भाडंच रद्द केलं. दिवसभर सगळ्यांना ऑफ-पीकचा दर. वर्षभरात प्रवासी सुमारे ६.८ टक्क्यांनी वाढले, खर्च भरून निघायला १० टक्के हवे होते. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरअखेर जुनी भाडी परत आली. लोक चिडले, कामगार संघटना आणि पर्यावरणवादी मागे लागले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने गर्दीचं भाडं कायमचं काढून टाकलं. एडिंबरा–ग्लासगो जाऊन-येऊन सकाळी ३२ पौंड ६० पेन्स लागायचे, ते १६ पौंड ८० पेन्स झाले. जवळजवळ निम्मे! आठच्या गाडीने कामावर जाणाऱ्या नर्सला आणि अकराच्या गाडीने फिरायला जाणाऱ्या पर्यटकाला आता एकच दर आहे. मनापासून सांगायचं, तर या सगळ्या गोष्टींत मला हीच सगळ्यात आनंदाची वाटली.

आपल्याकडे

दिल्ली मेट्रोने २०१७ च्या भाडेवाढीबरोबर स्मार्ट कार्डवाल्यांना गर्दीबाहेर जादा १० टक्के सूट दिली: सकाळी आठपर्यंत, दुपारी बारा ते पाच आणि रात्री नऊनंतर. बंगळुरू मेट्रोने २०२५ च्या फेब्रुवारीत मोठी भाडेवाढ केली तेव्हा अशीच ५ टक्क्यांची फुंकर घातली. पुणे मेट्रोने तासांऐवजी वार धरला, शनिवार-रविवार ३० टक्के सवलत.

मुंबई लोकलच्या भाड्यात घड्याळ नाही. तिकिटात आहे: एकेरी तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करायचा. आणि मुंबईने घड्याळाची अट एकदा फार जवळून अनुभवली आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली ती तीन तुकड्यांत: पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. त्याआधी ऑक्टोबरमध्ये बायकांना सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर मुभा मिळाली होती. दहाला ऑफिस असणाऱ्याने सातच्या आत निघायचं आणि तीन तास कुठेतरी काढायचे. ऑल हॅलोजमधल्या मुलींना ही वेळ चांगली ओळखीची वाटली असती.

गर्दी पसरवायचा एक उपाय भाड्याला हात न लावताही होतो, आणि तो करून दाखवला मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्याच ऑफिसच्या वेळा दोन केल्या, साडेनऊ आणि साडेअकरा, आणि शहरातल्या इतर ऑफिसांनाही तसं करायची विनंती केली. कामाची वेळ ज्याच्या हातात आहे त्याला सांगायचं, हा मला खरा रस्ता वाटतो.

आता मुलाकडे, लेकीकडे लंडनला निघालेल्यांसाठी. सकाळी घाई नसेल तर साडेनऊनंतरच कार्ड टेकवा. संध्याकाळी उपनगरातून नाटकाला मध्यभागी जायचं असेल तर निर्धास्त निघा, वर सांगितलेली माफी तुमच्यासाठीच आहे. शनिवार-रविवार तर दिवसभर मोकळीक. एकाच ठिकाणी हे काही उपयोगाचं नाही: हीथ्रो विमानतळ. २०२२ च्या सप्टेंबरपासून विमानतळ ते झोन १ या भुयारी रेल्वेच्या प्रवासाला दिवसाच्या कुठल्याही वेळी, रविवारी रात्री अकरालासुद्धा, गर्दीचंच भाडं लागतं.